आतून रुपं

"थांबा," कुमुद म्हणाली.

डॉक्टर परचुऱ्यांचा हात शिशाच्या कपाटाच्या कडीपर्यंत गेला होता. त्यांनी तो मागे घेतला आणि ते हसले.

"म्हसकर, तुमच्या बायकोला इथे सगळे थांबाबाई का म्हणतात ते आज कळलं."

"घरीही तेच चालतं, साहेब," मी म्हणालो. "चहात दुसऱ्यांदा साखर घ्यायला गेलो की, थांबा."

मी पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभा होतो. पट्टीच्या पलीकडे बिल्ला लावल्याशिवाय जायचं नाही असा नियम होता आणि मी केंद्राचा ड्रायव्हर, मला बिल्ला नव्हता. परचुऱ्यांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या गुरवाला खाली कोकणात गुरवाच्या गावी पोचवायचं होतं, म्हणून जीप दाराशी लावून आत आलो होतो.

कुमुद तिथे किरणांपासूनच्या सुरक्षेचं काम बघायची. ती एम.एस्सी. आणि मी दहावी. केंद्रातले लोक म्हणायचे, बायको मीटर बघते, नवरा मीटर बघतो, म्हसकरांचं घर मीटरवर चालतं. तिला त्याचं हसू यायचं. मलाही.

आमच्या केंद्रात बाहेरगावचे शास्त्रज्ञ येत. अणुभट्टीतून न्यूट्रॉनचा झोत निघतो, तो वस्तूच्या आरपार जातो आणि वस्तू न फोडता तिच्या आतलं दिसतं, एवढं मला कळतं. प्रयोग संपला की शास्त्रज्ञाला गाडीची घाई असायची आणि तिथून कुमुदचं काम सुरू व्हायचं. टेबल पुसा. हत्यारं जागेवर ठेवा. हातपाय यंत्रावर तपासून घ्या. बिल्ला परत करा. आणि झोतात ठेवलेली वस्तू आपण होऊन उचलायची नाही. ती वस्तू नंतर काही काळ स्वतःच किरणं सोडत राहते. हाताला गार लागते, पण कुमुदच्या भाषेत ती 'तापलेली' असते. ती कपाटात निवू द्यायची. कुमुदने मीटर लावून "न्या" म्हटलं की न्यायची.

त्या दिवशी कपाटात तळेकोंडच्या जाखमातेचा मुखवटा होता.

परचुरे पुण्याच्या एका कॉलेजात जुन्या धातुकामाचा अभ्यास करत. ठोकून घडवलेले असे मुखवटे जुन्या कारागिरांनी कसे केले, हे त्यांना बघायचं होतं. गावाने वर्षभर नाही म्हटलं. शेवटी एका अटीवर दिला. शिमग्याला पालखीवर मुखवटा चढतो, त्याच्या आधी तो गावात आला पाहिजे. परचुऱ्यांनी देवीसमोर तसा शब्द दिला होता. आता पालखी सजायला दोन दिवस उरले होते.

कुमुदने मीटर पुन्हा मुखवट्याजवळ नेलं. ते टकटकतच राहिलं.

"तांबं इतके दिवस तापलेलं राहत नाही," ती म्हणाली. "झोत बंद होऊन आठवडा उलटला. एव्हाना हे गप्प व्हायला हवं होतं. ह्यात आणखी काहीतरी आहे."

"काही नाही हो. शुद्ध तांबं. मी स्वतः तपासलंय."

"बाहेरून. आणि आतून?"

"आतून लाख आणि मेण भरलंय, त्यावर काजळी. ते खरवडायला गुरव हात लावू देईना. चित्रात मधोमध गडद पट्टा दिसतो, तो त्या मेणाचाच."

"गुरवाला विचारलंत आत काय आहे ते?"

"विचारलं तर." परचुऱ्यांचा चेहरा खुलला. "काय सुंदर बोलला माहीत आहे? म्हणाला, वरून तांबं, आतून रुपं. ऐका हं. बाहेर नुसता धातू, आणि आत रूप. शाळेत न गेलेला माणूस! माझं दिल्लीचं भाषण मी ह्याच वाक्याने सुरू केलं. टाळ्या पडल्या."

कुमुद हसली नाही. "रूप म्हणाला की रुपं?"

"एकच की. त्यांच्याकडे मुखवट्याला रूपच म्हणतात, आणि बोलताना अनुस्वार लावतात."

कुमुदचं माहेर चिपळूणच्या बाजूचं. तिने मीटर बंद करून खिशात ठेवलं, कपाटाला कुलूप घातलं, हातपाय तपासले आणि पट्टी ओलांडून माझ्या बाजूला आली.

"गुरव कुठे आहेत?"

"कँटीनमध्ये," मी म्हणालो. "चहासुद्धा घेत नाहीत. आई हातात आल्यावर घेणार म्हणतात."

धाकू गुरव कँटीनच्या कोपऱ्यात बाकावर बसले होते. साठीचा बारीक माणूस, डोक्याला स्वच्छ टोपी. मांडीवर नवी वेताची टोपली, तिच्यात घडी घातलेलं लाल कापड. कुमुद त्यांच्यासमोर बसली, मी आणि परचुरे मागे उभे राहिलो.

"दादा, मी कुमुद. चिपळूणकडची. आईच्या आतून रुपं आहे म्हणालात, ते काय?"

"रुपं म्हंजे रुपं."

"म्हणजे तोंड?"

धाकूदादांनी तिच्याकडे पोरीकडे बघावं तसं बघितलं. "आतून कुठं तोंड असतंय, बाय? तोंड वरून. रुपं म्हंजे चांदी. माज्या आज्याच्या टायमाला नाचवताना आई पालखीतून पडली. कपाळापासून हनुवटीपातुर चीर गेली. सोनारानं आतून रुप्याचा पत्रा बसवला, वरून लाख वतली. म्हनून बोललो, वरून तांबं, आतून रुपं." मग त्यांनी परचुऱ्यांकडे हात केला. "ह्या सायबास्नी लय आवाडलं. डोळं मिटून मान हलवीत व्हते. मला वाटलं, ह्यांचा कायतरी चांदीचा धंदा असंल."

मला हसू फुटलं. मग कुमुदचा चेहरा बघितला आणि आवरलं. परचुरे भिंतीला टेकले होते.

"चांदी," ते हळूच म्हणाले. "तो पट्टा."

"चांदीला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"दिवस नाही," कुमुद म्हणाली. "वर्षं."

धाकूदादांना एवढंच कळलं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी टोपलीतलं कापड उचललं आणि पुन्हा तशीच घडी करून ठेवलं.

परचुऱ्यांनी कुमुदला बाहेर व्हरांड्यात नेलं. मी पाण्याच्या पिंपाजवळ उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"म्हसकरबाई, आकडा किती लहान आहे ते तुम्हालाही माहीत आहे. पालखी काही दिवस फिरेल, मग मुखवटा देवळात कुलपात. कोणाला काय होणार आहे?"

"बहुतेक काही होणार नाही."

"मग?"

"पालखी घरोघर जाते. बायका तान्ही पोरं त्या तोंडाला लावतात. हे गुरव शिमगाभर तिच्याशेजारी झोपतात. हे मला माहीत आहे, कारण आमच्याकडेही असंच असतं. नुसत्या 'बहुतेक'वर मी तिला बाहेर सोडणार नाही."

"मी शब्द दिलाय त्यांना."

"तुम्ही शब्द दिलात तेव्हा त्यांना काय सांगितलं होतं? निवल्याशिवाय मिळणार नाही हे सांगितलं होतं?"

परचुरे म्हणाले, "मी संचालकांशी बोलतो."

ते बोलले. थोड्या वेळाने संचालकांनी फोनवर कुमुदलाच बोलावलं. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. कुमुद "हो सर" म्हणत होती. मग म्हणाली, "सर, मार्ग काढायचा तर एकच आहे. मुखवटा इथेच राहील आणि आम्ही गावात जाऊन सांगू. दुसरा मार्ग हवा असेल तर कपाटाची किल्ली तुमच्याकडे आणून देते, 'न्या' तुम्ही म्हणा." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं सर. जीप नेते."

तिने फोन ठेवला. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. लग्नात होम चालू असताना आला होता तसा.

परचुऱ्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली. ते काही वाईट माणूस नव्हते, घाबरले होते. म्हणाले, "बाई, त्यांना समजेल असं सांगूया. गुरवाला मीटरचा आवाज ऐकवा. देवी जागृत झाली, तिला इथेच राहायचंय म्हणा. आनंदाने ठेवतील. उलट तुमच्या केंद्रात देऊळ बांधतील."

"आणि मग ती निवली की? देवी झोपली म्हणायचं?"

"त्यांना खरं कळणार आहे का?"

"तुम्हाला रुपं कळलं का?" कुमुद म्हणाली. "सांगितल्यावर कळलं ना? तसं त्यांनाही कळेल."

तिने धाकूदादांना आत नेलं. पाहुण्यांना देतात तो बिल्ला त्यांच्या सदऱ्याला लावला, पायात कापडी मोजे चढवले. मी पट्टीच्या अलीकडून बघत होतो. जाड काचेतून तिने त्यांना मुखवटा दाखवला. त्यांनी हात जोडले. मग तिने मीटर त्यांच्या हाताजवळ धरलं, क्वचित एखादी टक व्हायची. कपाटाचं दार उघडून, त्यांना लांब उभं करून, ते मुखवट्याजवळ धरलं. टकटक वाढली.

"हे काय बोलतंय?" त्यांनी विचारलं.

"हे आई नाही बोलत, दादा. हे रुपं आहे. आम्ही जे यंत्र लावलं त्याची ऊब चांदीने धरून ठेवलीय. हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण पोराबाळांच्या अंगाजवळ बरी नाही. ती आपोआप जाईल. घाई करून जात नाही. तांबं केव्हाच निवलं. रुपं नाही निवलं."

"कधी निवंल?"

"ह्या शिमग्याला नाही. पुढच्याही नाही. त्याच्याही पुढे काही वर्षं."

धाकूदादा खूप वेळ काचेशी उभे राहिले.

"तुमी मानसं घेताना लय ग्वाड बोलता," ते म्हणाले.

"हो," कुमुद म्हणाली. "आणि देताना थांबा म्हणतो. चूक आमची आहे, दादा. आत काय आहे ते नीट विचारून घ्यायचं काम आमचं होतं. तुम्ही तर खरं सांगितलं होतं."

बाहेर आल्यावर त्यांनी बिल्ला काढून तिच्या हातात दिला. टोपली उचलली. "गावात मी एकटा नाय सांगनार. मला मारतील."

"एकटे नाही. मी येते. साहेबही येताहेत."

परचुरे म्हणाले, "मी? तुमच्या नियमात हे कुठे आहे?"

"कुठेच नाही," कुमुद म्हणाली. "पण प्रयोग संपला की जागा पुसून जायची असते. तेवढंच अजून पुसायचं राहिलंय."

आम्ही घाट उतरलो. कुमुद पुढे माझ्या शेजारी बसली. मागे बसलं की तिला मळमळायचं, त्यामुळे ती सीट तिचीच होती. मागे परचुरे आणि धाकूदादा. दादांनी रिकामी टोपली मांडीवर घेतली होती आणि वरून लाल कापड घातलं होतं. वळणावर गाडी कलली की ते टोपली दोन्ही हातांनी सावरत.

तळेकोंडला पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. पालखी बसते त्या सहाणेच्या चौथऱ्यापुढे माणसं जमली होती, ढोल बाहेर काढले होते. कुमुद उतरता उतरता मला म्हणाली, "अहो, जीप तोंड वळवून लावा."

सगळ्यात आधी एका बाईला कळलं. ती दादांच्या हातांकडे बघून ओरडली, "धाकूकाका, टोपली हलकी कशी?"

मग कोणी कोणाचं ऐकेना. "विकली असंल!" "पुण्याला कपाटात ठेवली असंल शोला!" एका पोरगेल्या माणसाने परचुऱ्यांची कॉलर धरली. सोमा मानकरी म्हणून गावचे मुख्य होते, पालखीचा पहिला मान त्यांच्या घराचा. त्यांनी हात वर केला तेव्हा जरा शांत झालं.

कुमुद चौथऱ्याच्या पायरीशी उभी राहिली. वर चढली नाही. जे दादांना सांगितलं तेच तिने सांगितलं, त्याच शब्दांत. आवाज चढवला नाही, त्यामुळे मागच्यांना पुढे यावं लागलं. किती वर्षं ते विचारलं, तिने सांगितलं. आजार होतो का विचारलं. ती म्हणाली, "बहुतेक नाही. पण तुमची पोरं आहेत, मी बहुतेकवर सोडणार नाही."

मग परचुरे स्वतःहून पुढे झाले. मला वाटलं नव्हतं.

"चूक माझी," ते म्हणाले. "दादांनी मला सांगितलं होतं, आतून रुपं आहे. मला रुपं म्हणजे काय ते कळलं नाही. आणि मी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, ते काहीतरी... देवाबद्दल बोलताहेत."

मघाचीच बाई म्हणाली, "आगं बया! पोफेसर, आनि रुपं ठावं न्हाय!"

कोणीतरी हसलं, मग बायका हसायला लागल्या. परचुरे मान खाली घालून उभे होते. त्यांच्या कॉलरवरचा हात कधी निघाला ते मला दिसलं नाही.

सोमा मानकरी मात्र हसले नव्हते. "मग पालखीत काय बसवायचं? आमी काय रिकामी नाचवायची?"

कुमुदने उत्तर दिलं नाही. नंतर मी तिला विचारलं, तर म्हणाली, ते सांगणारी मी कोण.

उत्तर धाकूदादांनी दिलं. "आई सोनाराकडं गेलती त्या साली आज्यानं काय बसवलं व्हतं? नारळ. रुपं बसवाया गेलती म्हनून तवा नारळ. आता त्येच रुपं निवाया बसलंय म्हनून नारळ."

मानकऱ्यांनी विचार केला. जमलेल्या म्हाताऱ्यांकडे बघितलं. कोणी मोडता घातला नाही.

"बरं. पन आई परत येनार ह्याची हमी काय? सायब लोक येतो म्हनून जातात."

"दर शिमग्याला मी येईन," कुमुद म्हणाली. "मीटर लावून बघेन आणि काय दिसलं ते इथे, ह्या पायरीशी येऊन सांगेन. निवली नसेल तर नाही निवली म्हणून सांगेन. निवली की घेऊन येईन."

"चिठी पाटवाल."

"चिठ्ठी नाही. येईन."

घाट चढताना मी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर जीप वळवून लावायला सांगितली."

ती दर शिमग्याला गेली. मीच न्यायचो, रजा टाकून, आमच्या स्वतःच्या गाडीतून. पहिल्या वर्षी ती पायरीशी उभी राहून "अजून नाही" म्हणाली आणि लोकांनी नुसत्या माना हलवल्या. चहा विचारला नाही. दुसऱ्या वर्षी चहा मिळाला. त्याच्या पुढच्या वर्षी बायकांनी तिला चौथऱ्यावर बसवून ओटी भरली, माहेरवाशिणीची भरतात तशी, आणि तिने "अजून नाही" म्हटल्यावर, टोपलीवरून ओरडलेली तीच बाई म्हणाली, "नसू दे गो. तू आलीस ना." परचुरेही दोनदा आले. एकदा त्यांनी पालखीला खांदा दिला आणि लय चुकली म्हणून शिव्या खाल्ल्या.

मीटरची टकटक दर वर्षी कमी होत होती. घरी येऊन कुमुद मला सांगायची, "निवतेय." भाजी टाकता टाकता सांगायची. जसं दुसरी बाई, पोराचा ताप उतरतोय, म्हणेल.

मग काही वर्षांनी एका पौषात कुमुद गेली. हृदयाने गेली, सकाळी, दूध तापवताना. लोक मला विचारतात, तिच्या कामामुळे का? नाही. तिचा बिल्ला जन्मभर स्वच्छ होता. स्वतःच्या बाबतीतही ती बहुतेकवर सोडणारी नव्हती.

फाल्गुनात केंद्रातून फोन आला. तिने तयार केलेली वंदना नावाची मुलगी आता तिच्या जागी होती. म्हणाली, "काका, येऊन जा."

मी पिवळ्या पट्टीशी उभा राहिलो. वंदनाने मीटर माझ्या हाताजवळ धरलं, मग मुखवट्याजवळ. दोन्हीकडे सारखंच, क्वचित एखादी टक. तिने तीनदा बघितलं. मग मुखवटा उचलून पट्टीच्या ह्या बाजूला आणला.

"न्या," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मी तळेकोंडला कळवलं नव्हतं. आई येतेय हेही नाही, कुमुद गेली हेही नाही. चिठ्ठी पाठवायची नाही असं तिनेच ठरवलेलं होतं.

गाडी थांबली तेव्हा ढोल वाजत होते. बायका ओटीचं ताट घेऊन पुढे आल्या. मी उतरलो आणि मागचं दार उघडून मुखवटा बाहेर काढला. ओरडा झाला. धाकूदादा धावत आले, आता ते खूपच वाकले होते. त्यांनी लाल कापडावर मुखवटा घेतला, कपाळाला लावला. मग माझ्या पाठीमागे, पुढच्या सीटकडे बघितलं.

"बाय कुठं हाय?"

मी सांगितलं.

ढोल एकेक करून बंद झाले. दादांनी पालखीतला नारळ काढला. मग त्याच्या जागी मुखवटा चढवला. इतकी वर्षं तिथे बसायचा तो नारळ त्यांनी हातात घेतला आणि मानकऱ्यांकडे बघितलं.

सोमा मानकरी म्हणाले, "उचला. माज्या घरी मागनं."

पालखी उचलली. पहिला मान ज्या घराचा त्या घराकडे ती गेली नाही. माझ्या गाडीपाशी आली आणि पुढच्या दाराशी टेकवली. मी दार उघडलं. टोपलीवरून ओरडलेल्या त्याच बाईने सीटवर खण ठेवला, तांदूळ वाहिले, हळदकुंकू लावलं. धाकूदादांनी नारळ ओटीत ठेवला. मग ढोल सुरू झाले आणि पालखी मानकऱ्यांच्या घराकडे गेली.

परत येताना घाटात पहिल्याच वळणावर नारळ घरंगळायला लागला. मी डावा हात त्याच्यावर ठेवला. गिअर टाकण्यापुरता काढायचो आणि पुन्हा ठेवायचो. असा घाट चढून घरी आलो.